नारळ, बांगडा आणि कोलेस्टेरॉलची गोळी

‘डॉक्टर, नारळात कोलेस्टेरॉल नसतं ना?’ रत्नागिरीच्या दवाखान्यात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ‘नसते’ हे उत्तर खरे आहे. पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये.

आपल्या शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. रक्तातील एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल वेचून घेण्याचे कामही यकृतच करते. आहारात संपृक्त मेद वाढला की हे काम मंदावते, एलडीएल रक्तात वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत थर साचू लागतो. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो. शेंगदाणा तेलात तो साधारण २० टक्क्यांच्या आत असतो.

म्हणून नारळ वर्ज्य करावा काय? मुळीच नाही. आमटीत थोडे वाटप, अधूनमधून सोलकढी अवश्य घ्यावी. मात्र ज्या दिवशी रसाचे कालवण असेल, त्या दिवशी भाजीवर पुन्हा खोबरे पेरू नये. फोडणीसाठी शेंगदाणा, तीळ किंवा करडई तेल वापरावे आणि तळणाचे तेल पुन्हा तापवू नये. बांगडा आणि तारली यांतील ओमेगा-३ मेद हृदयाला हितकर आहे. पण रवा लावून तेलात तळण्यापेक्षा तिरफळ घातलेले तिखले बरे. खारवलेली मासळी रक्तदाबाच्या रुग्णांनी टाळावी.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. भूक मंदावलेल्या, वजन उतरत असलेल्या आजी-आजोबांचे चमचाभर तूपही ‘पथ्य’ म्हणून काढून घेऊ नका. या वयात कुपोषणही तितकेच घातक असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषध. अहवालातील आकडा उतरला की अनेकजण गोळी परस्पर बंद करतात. तो आकडा बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो. गोळी थांबताच काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो, आणि चढताना कोणतेही लक्षण जाणवत नाही. ज्यांना हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, ज्यांना स्टेंट बसवला आहे, त्यांच्यासाठी ही चूक जिवावर बेतू शकते. स्नायू दुखत असतील, अशक्तपणा वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते.

आज घरातील गोळ्यांचा डबा उघडून पाहा. एखादी गोळी कुणी मनाने थांबवली असेल, तर डॉक्टरांकडे जाताना तो डबा सोबत न्या.