परदेशी फोन, इकडचं सिम : आधी हे तपासा

● लॉक : अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ उघडा; ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं की फोन मोकळा. लॉक काढणं मूळ कंपनीच्या हाती, म्हणून ते काम परतण्यापूर्वीच उरका. कॅनडात २०१७च्या, तर ब्रिटनमध्ये २०२१च्या डिसेंबरपासून मोबाइल कंपन्यांना लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे.

● सिम : २०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकी मॉडेलांत सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम चालतं. भारतात जिओ, एअरटेल आणि व्हीआय ते देतात.

● बँड : जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. जिओला २जी-३जी नाही. त्यामुळे फोनवर व्होएलटीई (४जीवरून साधा कॉल करण्याची सोय) चालू होत नसेल, तर नेट मिळेल, पण साधा कॉल लागणार नाही.

● नोंदणी : तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन स्थानिक सिमवर १२० दिवसच चालतो. पुढे वापरायचा तर शुल्क भरून नोंदणी करावी लागते.

● कॅमेरा : जपानसाठी बनलेल्या बहुतेक फोनांत फोटोचा ‘खट्’ आवाज बंद करता येत नाही.