खरवसाचे जुने नाव : पीयूष

गाय-म्हैस व्याली की घरातल्या पोरांचे डोळे खरवसाकडे लागतात. चिकात गूळ आणि वेलदोडा घालून तो वाफवला की विरजणावाचून वडी धरतो. साध्या दुधापेक्षा चिकात प्रथिने कितीतरी जास्त असतात आणि उष्णतेने ती घट्ट होतात, म्हणून हे घडते.

या चिकाला संस्कृतात ‘पीयूष’ म्हणतात. अमरकोशात या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत. एक नव्याने व्यालेल्या गाईचे दूध आणि दुसरा अमृत. हिंदीत त्याचेच ‘पेवस’, ‘पेवसी’ झाले. मराठीत ‘चीक’ हा शब्द रुळला आणि ‘पीयूष’ हे नाव श्रीखंडापासून करतात त्या गोड पेयाला गेले.

पण हे अमृत आधी कोणाचे? वासराचे! जन्मतः त्याच्या रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. ती आईच्या चिकातूनच मिळतात आणि ती रक्तात शिरण्याची वाट साधारण एका दिवसात बंद होते. तेव्हा भगिनींनो, वार पडण्याची वाट पाहू नका. पहिल्या तासा-दोन तासांतच वासराला चीक पाजा. पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून द्या.

वासराचे पोट भरून जो उरेल, त्याचा खरवस खुशाल करा. शेजारीही वाटीभर द्या!