केमिस्ट्रीचे सर

वऱ्हाडात नवी ओळख झाली की चार वाक्यांत कॉलेजचा विषय निघतो. समोरचा माणूस विज्ञान शाखेचा असला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘केमिस्ट्रीले कोन होते जी तुम्हाले?’ अमरावती-अकोल्यात या प्रश्नाला प्रत्येक पिढीचं वेगळं उत्तर आहे, आणि ते सांगताना साठीचा माणूसही जरा सावरून बसतो. सर प्राचार्य झाले, पुढे विद्यापीठाचे डीन झाले, तरी जुन्या विद्यार्थ्यांना ते आठवतात प्रयोगशाळेतलेच.

या परंपरेचं जुनं घर म्हणजे अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज. ते १९२३ साली सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर त्याचं विदर्भ महाविद्यालय झालं, लोकांच्या तोंडी व्हीएमव्ही. १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, १९४६ मध्ये अमरावतीत तिचं महाविद्यालय उभं राहिलं, मग अकोल्यातही. ज्या घरात आधी कुणी मॅट्रिकही नव्हतं, त्या घरातली पोरं आता पिपेट धरायला शिकू लागली.

ते शिकणं सोपं नव्हतं. फळ्यावरचं समीकरण उतरवून घेता येतं. सॉल्ट मात्र प्रत्येकाचं वेगळं. कागदाच्या पुडीत चिमूटभर पांढरी भुकटी, आणि त्यात काय आहे ते आपलं आपण शोधायचं. दुसऱ्या गटाच्या धातूंसाठी हायड्रोजन सल्फाइड लागे. तो किप्पच्या उपकरणातून यायचा. डेल्फ्टच्या पेट्रस किप्पने १८४४ च्या सुमारास बनवलेलं हे तीन कप्प्यांचं काचेचं यंत्र मला आजही अतिशय देखणं वाटतं. तोटी उघडली की आम्ल लोहसल्फाइडच्या खड्यांपर्यंत चढतं आणि वायू सुटतो. तोटी बंद केली की वायूच्याच दाबाने आम्ल मागे सरतं आणि क्रिया आपोआप थांबते. सडक्या अंड्यांचा तो वास गॅलरीपर्यंत यायचा. सर त्याच वासात तीन-तीन तास उभे असायचे.

नायट्रेटची परीक्षा तर हाताची परीक्षाच होती. फेरस सल्फेट ताजं बनवलेलं हवं. मग परीक्षानळी तिरपी धरून कडेकडेने सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. दोन थर जिथे भेटतात तिथे तपकिरी कडं उमटतं. हात हलला की कडं मोडलं. आमचे सर मागून हळूच म्हणायचे, ‘घाई कावून करतं बाप्पा?’ त्या एका वाक्याने हात स्थिर व्हायचा. कडं नाही आलं तर ‘नाही आलं’ असंच जर्नलमध्ये लिहायला लावायचे. शेजाऱ्याचं पाहून लिहिलेलं उत्तर बरोबर असलं तरी त्यावर सही मिळत नसे. शिक्षक म्हणून त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं आणि वऱ्हाडचा अभ्यासक्रम नागपूरऐवजी इथेच ठरू लागला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात डीन हे विद्याशाखेच्या सदस्यांतून निवडून येत. २०१६ च्या कायद्याने ते पूर्णवेळ, नेमणुकीचं पद झालं. जुन्या पद्धतीत राजकारण शिरायचं, हे खरं. पण सकाळी वर्ग घेऊन दुपारी विद्यापीठाच्या बैठकीला जाणाऱ्या माणसाला कोणता प्रयोग खेड्यातल्या कॉलेजात होऊ शकतो आणि कोणता नुसता कागदावर राहील, हे कुणी सांगावं लागत नसे. सर तपासणीच्या समितीवर गेले की प्रयोगशाळेत आधी पाण्याचा नळ सोडून पाहत, मग तराजू.

तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या कारंज्यात १९१८ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ बा. द. टिळक बाहेर पडून ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे शिकले, १९६६ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांची नोंद ग्रंथांत आहे, ती असायलाच हवी. पण जे इथेच राहिले आणि वर्षानुवर्षं ब्युरेटची पातळी डोळ्यासमोर आणून वाचायला शिकवत राहिले, त्यांचं काम वऱ्हाडाला तितकंच लागत होतं.

कारण इथल्या पाण्यातच रसायनशास्त्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावं घेतली आहेत. तिथल्या काळ्या मातीत सोडियम चिकटून बसतो, मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही. जिप्सम टाकलं की त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग निचरा होऊ लागतो. वर्गात आयनांची अदलाबदल शिकवताना सर दर्यापूर, अकोटच्या मुलांना उभं करायचे आणि पुढच्या खेपेला घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणायला सांगायचे. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट, पिवळ्या द्रावणात विटकरी छटा उमटेपर्यंत. कठीणपणासाठी ईडीटीए, तांबूस रंग जाऊन निळा येईपर्यंत. तीन वाचनं जुळली की मगच आकडा वहीत. तो आकडा घेऊन पोरगा शनिवारच्या एसटीने गावी जायचा, आणि रब्बीत हरभऱ्याला विहिरीचं पाणी द्यायचं की नुसत्या ओलीवर सोडायचा, हे बाप त्याला विचारायचा.