ऑपरेशनआधीचे दोन आठवडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की तारखेसोबत हातात एक कागद पडतो. पुढचे 2 आठवडे रोज 800 ते 1000 कॅलरी. भात-पोळी बंद, साखर बंद, तळलेलं बंद. प्रोटीन मात्र 60 ते 80 ग्रॅम. काही सर्जन हा काळ 4 आठवड्यांपर्यंत वाढवतात. ऑपरेशनची मनाची तयारी बहुतेकांनी केलेली असते, या कागदाची कोणीच केलेली नसते. शिवाय घरी आल्यावर जो तो त्याचा आपापला अर्थ लावतो. शेजारच्या काकूंना तो उपास वाटतो, सासूबाईंना उपासमार आणि खुद्द रुग्णाला परीक्षा. अर्थ चुकला की डाएटही चुकतं, आणि इथे चुकण्याची किंमत ऑपरेशनच्या टेबलावर मोजावी लागते.

गैरसमज : "ऑपरेशनआधी थोडं वजन उतरवायला सांगितलंय."

वजन उतरतंच, पण डाएटचा खरा रोख लिव्हरवर आहे. जठराचा वरचा भाग डाव्या बरगड्यांच्या आड असतो आणि त्याच्यावर लिव्हरचा डावा भाग पसरलेला असतो. जठरावरचं हे ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते, चार-पाच छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली आणखी एक छोटा छेद घेऊन त्यातून एक वाकवलेली धातूची दांडी आत सरकवतात आणि तिच्यावर लिव्हर अलगद वर तोलून धरतात. तेव्हा कुठे अन्ननलिका जठराला मिळते तो कोपरा दिसतो, आणि सर्जनचं सगळ्यात नाजूक काम त्याच कोपऱ्यात असतं.

लठ्ठपणा असलेल्या बहुतेकांना कमी-अधिक प्रमाणात फॅटी लिव्हर असतं. निरोगी लिव्हर तपकिरी-लाल, पातळ धारेचं, लवचिक असतं. चरबी साठलेलं लिव्हर पिवळट, जाड, बोथट कडांचं आणि ठिसूळ होतं. ते उचलताना फाटतं, रक्तस्राव होतो. उचललंच गेलं नाही तर कोपरा दिसत नाही. मग ऑपरेशन लांबतं, कधी पोट मोठं उघडावं लागतं, आणि क्वचित ऑपरेशन न करताच टाके घालून रुग्णाला परत पाठवावं लागतं.

दोनच आठवडे का, याचंही उत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 32 जणांना 12 आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार दिला आणि मधूनमधून लिव्हरचं आकारमान मोजलं. ते सरासरी सुमारे 19 टक्क्यांनी घटलं आणि या घटीतला 80 टक्के भाग पहिल्या 2 आठवड्यांतच झाला होता. त्याचं कारण पिष्टमय पदार्थांत आहे. लिव्हरमध्ये साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी थांबली की एक-दोन दिवसांत हा साठा आणि त्याचं पाणी जातं. पाठोपाठ लिव्हरमधली चरबी जळू लागते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या चाचणीत सुमारे 300 रुग्णांपैकी निम्म्यांना जठराच्या बायपास ऑपरेशनआधी असं 14 दिवसांचं डाएट दिलं होतं. त्या गटात सर्जनना ऑपरेशन सोपं गेलं आणि पहिल्या 30 दिवसांतली गुंतागुंतही कमी झाली.

म्हणून वजनकाट्याकडे बघून खूश किंवा निराश होऊ नका. पहिल्या आठवड्यात उतरलेले किलो बरेचसे पाण्याचे असतात.

गैरसमज : "ऑपरेशनला पोट रिकामं हवं, त्याची ही तयारी."

ती तयारी वेगळी आणि काही तासांचीच असते. भूल देण्याआधी साधारण 6 तास घन अन्न आणि 2 तास साधं पाणीही बंद असतं. नेमके तास भूलतज्ज्ञ सांगतात. वजन किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या औषधांमुळे जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो.

गैरसमज : "म्हणजे उपासच की! चतुर्थी-एकादशी आम्ही करतोच."

हा गैरसमज खास आपल्याकडचा, आणि सगळ्यात जास्त घोटाळा यानेच होतो. आपल्या उपासाच्या ताटात काय असतं? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, केळं, खजूर. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी असतात, त्यातले जवळजवळ 87 ग्रॅम पिष्ट आणि प्रोटीन नावापुरतंही नाही. वर दाण्याचं कूट आणि तूप. खिचडीच्या एका भरल्या बशीत या डाएटमधला अर्ध्या दिवसाचा कॅलरींचा वाटा सहज संपतो आणि लिव्हरला हवी तीच साखर परत मिळते. कोकणात-गोव्यात आजारी माणसाला पेज देतात. ती पोटाला हलकी खरी, पण तिच्यात तांदळाचं पिष्टच असतं. शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस, मधपाणी यांतही साखरच असते.

दुसरीकडे, नुसतं पाणी पिऊन दिवस काढणंही चूक. प्रोटीन कमी पडलं की शरीर स्नायू मोडून खातं आणि ऑपरेशनच्या जखमा भरायला लागणारी ताकद आधीच जाते. म्हणून 60 ग्रॅमचा हिशोब रोज करायचा. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रोटीन असतं, पेलाभर दुधात 6-7, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, 100 ग्रॅम मासळी किंवा चिकनमध्ये 20 च्या पुढे. मासे खाणाऱ्यांना हे डाएट त्यामानाने सोपं जातं. तव्यावर थेंबभर तेलात भाजलेला सुरमईचा तुकडा चालतो, मात्र नारळाचं आमटीतलं वाटण आणि खालचा भात वगळायचा. शाकाहारी माणसाला हिशोब जुळवणं अवघड असतं. वाटीभर वरणात 6-7 ग्रॅम प्रोटीन येतं, पण सोबत त्याच्या अडीचपट पिष्टही येतं. वरच्या पाण्यात तर जवळजवळ काहीच नसतं. म्हणून शाकाहारी रुग्णांना आहारतज्ज्ञ बहुधा व्हे प्रोटीनची पावडर देतात. एका मापात 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन मिळतं. जोडीला ताक, कमी चरबीचं पनीर, सोयाबीनच्या वड्या, दुधी, पडवळ, पालेभाज्या, काकडीची कोशिंबीर.

पावडरने किडनी खराब होते, असं ऐकून काहीजण ती गुपचूप सोडतात. किडनी धडधाकट असेल तर रोज 60-80 ग्रॅम प्रोटीनने काही होत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरच ठरवतात. ऑपरेशनआधी ती तपासणी होते, ती याचसाठीही.

गैरसमज : "भूक रोज अशीच वाढत जाणार. मी मरेन."

पहिले तीन-चार दिवस खरंच कठीण जातात, आणि कोणी ते सोपं म्हणून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. डोकं दुखतं, चिडचिड होते, थकवा येतो, तोंडाला विचित्र वास येतो. हा वास शरीर चरबी जाळू लागल्याचा, त्यातून तयार होणाऱ्या कीटोन्सचा. बहुतेकांची भूक चौथ्या-पाचव्या दिवसापासून बोथट होत जाते. दिवसाला 2 लिटर तरी पाणी, बिनसाखरेचा चहा, भाज्यांचं मीठ घातलेलं पातळ सूप (रक्तदाब असेल तर मीठ विचारून) आणि बद्धकोष्ठ झालं तर भरपूर पाण्यासोबत इसबगोल, एवढ्यावर हे दिवस निभतात.

भुकेपेक्षा अवघड असते संध्याकाळची सात-साडेसातची वेळ. आपल्याकडे हे ऑपरेशन करून घेणारी बाई बहुधा घरातली स्वयंपाक करणारीही असते. लसणाच्या फोडणीचा वास नाकात, तव्यावर टम्म फुगलेली पोळी समोर, आमटीचं मीठ बघायला तळहातावर घेतलेला थेंब, मुलाने ताटात टाकलेला अर्धा लाडू "वाया कशाला घालवायचा" म्हणून तोंडात. यातलं काहीच "खाल्लं" या खात्यात धरलं जात नाही, पण दिवसाच्या शेवटी दीडदोनशे कॅलरी होतात. इथे मनोबलाचे धडे देण्यात अर्थ नाही. या दोन आठवड्यांपुरता संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कोणी तरी करावा. नवऱ्याने करावा, मुलांनी करावा, नाहीतर पोळीभाजीचा डबा लावावा. रुग्णाचं जेवण घरातली फोडणी पडायच्या आधी उरकलेलं असावं. आणि पाहुण्यांनी "एवढ्याने काय होतंय" हा आग्रह कृपा करून करू नये.

गैरसमज : "खाणं कमी केलं तरी गोळ्या आहेत तशाच घ्यायच्या."

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांचा डोस नेहमीच्या भात-पोळीच्या हिशोबाने ठरलेला असतो. पिष्ट एकदम निम्म्याहून कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आणि फसवा आहे. कमी पिष्टाच्या आहारात आणि ऑपरेशनच्या काळात त्यांच्यामुळे शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. म्हणून ऑपरेशनच्या किमान 3 दिवस आधी त्या बंद करतात, आणि अशा डाएटमध्ये बरेचदा त्याच्याही आधी. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. तरीही स्वतःच्या मनाने यातलं काहीही बंद किंवा कमी करू नका. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून डाएटच्या पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांसमोर ठेवा.

याच कारणाने हे डाएट घरातल्या दुसऱ्या कुणी, लग्नाआधी बारीक व्हायला म्हणून, उचलायचं नसतं. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या बाईने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

गैरसमज : "एवढं डाएट जमतंय, मग ऑपरेशन कशाला?"

दहाव्या दिवशी चार-पाच किलो उतरलेले दिसले की घरातलं कोणीतरी हे म्हणतंच. ऐकायला बिनतोड वाटतं, पण शरीराचा कारभार तसा नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला, 50 जणांवर केलेला एक अभ्यास याबाबत फार बोलका आहे. त्यांना 10 आठवडे अत्यंत कमी कॅलरींवर ठेवलं, वजन उतरलं. वर्षभरानंतर पुन्हा तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारी काही हार्मोन्स उतरलेली होती. वजन परत येतं ते आळसामुळे येतं असं मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. आपल्याकडे सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात आणि घ्रेलिन मुख्यतः जिथे तयार होतं, तो भाग त्यातच जातो. दोन आठवड्यांच्या डाएटला हे काम करता येत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही.

गैरसमज : "नंतर कधीच खायला मिळणार नाही, आदल्या रात्री जेवून घेऊ."

ऑपरेशननंतर आधी पातळ, मग मऊ असं करत साधारण दीड-दोन महिन्यांत माणूस घरच्या जेवणावर येतो. घास लहान होतात, ताट लहान होतं. आदल्या रात्रीची बिर्याणी मात्र रिकामं केलेलं ग्लायकोजेन पुन्हा भरू लागते, आणि तेही सर्जनच्या हाती जायच्या काही तास आधी. दारूही या काळात पूर्ण बंद हवी, कारण तिचा भार थेट लिव्हरवर पडतो.

गैरसमज : "ज्याला हे जमलं नाही, त्याला ऑपरेशनचा हक्क नाही."

हे घरचे बोलतात, कधी रुग्ण स्वतःलाच सुनावतो. अमेरिकेतल्या बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनांच्या संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट म्हटलं, की ऑपरेशनला मंजुरी देण्यासाठी आधी अमुक इतकं वजन उतरवून दाखवा, या विमा कंपन्यांच्या अटीला पुराव्याचा आधार नाही. भारतात विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनुसार बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असलेल्यांना, आणि गंभीर सहव्याधी असल्यास 35 पासून, या ऑपरेशनचं विमा संरक्षण मिळू शकतं. दोन आठवड्यांच्या डाएटमध्ये कोण पास आणि कोण नापास, याचा उल्लेख त्यात नाही.

पथ्य मोडलं असेल तर ते लपवू नका. कुणाच्या बारशाला जेवलात, चार दिवस जमलंच नाही, पावडर पचत नाही म्हणून सोडली, जे असेल ते आहारतज्ज्ञांना फोन करून त्याच दिवशी सांगा. पावडर बदलता येते, जेवणाच्या वेळा बदलता येतात, गरज पडली तर तारीख एक आठवडा पुढे घेता येते. सर्जनला पोटात कॅमेरा घातल्यावर हे कळण्यापेक्षा तो आठवडा केव्हाही स्वस्त आहे.