पंखा मोठा, आवाज कमी
संगणकाच्या कॅबिनेटसाठी पंखा घेताना आधी आकार पाहा. १२० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा १४० मिलिमीटरचा पंखा कमी फेऱ्यांत ढकलतो, म्हणून तो शांत. फेऱ्या निम्म्या केल्या की हवाही साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचाच! खोक्यावर छापलेला सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा, त्याचा) आकडा मात्र मोकळ्या हवेतला असतो. पुढे दाट जाळी किंवा रेडिएटर असेल, तर स्थिर दाब (अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद) जास्त असलेलाच पंखा घ्या. चार पिनांचा असेल तर उत्तम. मदरबोर्ड तापमान पाहून त्याचा वेग कमी-जास्त करतो. आणि धूळजाळी वेळच्या वेळी झटका. ती तुंबली, तर महागडा पंखाही नुसता घरघरतो.