मुंबई-दुबई : विमानात तीन तास, हिशेबात चौदा

कापडाचे नमुने घेऊन दुबईला निघालेला नवा व्यापारी तिकीट पाहून खूश होतो. मुंबईहून सकाळी ७ ला सुटणार, ८.४५ ला पोहोचणार. म्हणजे पावणेदोन तास! पण तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ तिथल्या घड्याळाची असते आणि दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. खरा प्रवास सव्वातीन तासांचा. परतताना तोच दीड तास उलटा पडतो, तीन तासांचा प्रवास कागदावर साडेचार दिसतो.

दोन्ही विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. मुंबईहून कोलकाता १,६५० च्या आसपास, तेव्हा दुबई काही फार लांब नव्हे. १९८२ पर्यंत 'द्वारका' बोट मुंबईहून आखाती बंदरांना जात असे, तेव्हा याच वाटेला दिवस लागत. आता विमान तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटर जाते. भागाकार केला तर सव्वादोन-अडीच तास येतात, मग वरचा वेळ कुठे जातो? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे-उतरणे सगळे त्यात आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. शिवाय हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून जाताना जास्त वेळ आणि येताना कमी.

आता मालेगावच्या आपल्या माणसाचा हिशेब मांडू. मुंबई पावणेतीनशे किलोमीटर, मोटारीने सहा तास धरा. बहुतेक विमान कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद करतात, म्हणून आम्ही तीन तास आधी पोहोचा म्हणतो. तेव्हा रात्री १० ला घर सोडायचे. दुबईत उतरून पासपोर्टची रांग, सामान, टॅक्सी करत बाजारात पोहोचेपर्यंत तिथले ११ वाजतात, म्हणजे आपले साडेबारा. साडेचौदा तास झाले! आणि जुन्या बाजारातली बरीच दुकाने दुपारी बंद होतात, संध्याकाळीच पुन्हा उघडतात. गिऱ्हाइकाला सकाळची वेळ दिली असेल तर हाती जेमतेम दोन तास. रात्रभर जागलेल्या माणसाने भावाची घासाघीस काय करावी? सौदा तिथेच सैल पडतो.

म्हणून आमचे म्हणणे, पहिल्या दिवशी संध्याकाळचीच वेळ मागावी. भिवंडीकरांना मोटारीचा त्रास कमी, त्यांचे निभते. शुक्रवार मात्र कोणीच धरू नये. १ जानेवारी २०२२ पासून तिथे सरकारी कामकाज शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी असते. कागदपत्रांचे काम असेल तर सोमवारी सकाळी तिथे हजर असावे.

आणखी एक गोष्ट तिकीट काढतानाच पाहावी : दुबईत विमान कोणत्या टर्मिनलला लागते. १ आणि ३ ला मेट्रो आहे, २ ला नाही, तिथून टॅक्सी किंवा बस.