लाट आलीच नाही, पुढे काय?

आधी साधी सर्दी, खोकला, थोडा ताप. आठवडाभरात मूल बरे होऊन खेळू लागते आणि एका सकाळी त्याचा हातच उचलला जात नाही. कुणाला मान सावरता येत नाही, कुणाचा चेहरा एका बाजूने ओघळतो, तर कुणाला घोट गिळणेही अवघड होते. ‘अॅक्यूट फ्लॅसिड मायलायटिस’ म्हणजेच ‘एएफएम’ या दुर्मीळ आजाराची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचे आदेश देतात, त्यांनाच यात इजा होते. लक्षणे पोलिओसारखी असतात. पण तपासणीत पोलिओचा विषाणू सापडत नाही.

अमेरिकेत २०१४ च्या ऑगस्टपासून अशी मुले अचानक मोठ्या संख्येने रुग्णालयांत येऊ लागली. त्या वर्षी १२० रुग्णांची नोंद झाली. २०१६ मध्ये १५३, तर २०१८ मध्ये २३८. मधल्या वर्षांत मात्र आकडा खाली येई. म्हणजे दर दोन वर्षांनी, ऑगस्ट ते नोव्हेंबरदरम्यान एक लाट. याच काळात ‘एंटेरोव्हायरस डी ६८’ हा सर्दीसारखा आजार देणारा विषाणूही जोमात असे. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम आढळलेला हा विषाणू खोकल्या-शिंकेतून पसरतो. या लाटांमागे प्रामुख्याने तोच असावा, असे संशोधकांचे मत बनले.

हिशेबाने पुढची लाट २०२० मध्ये येणार होती. ऑगस्टमध्ये ‘सीडीसी’ या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने डॉक्टरांना आणि पालकांना तसा इशाराही दिला. करोनाच्या भीतीने पालक मुलांना रुग्णालयात आणायला उशीर करतील, ही वेगळीच चिंता होती.

प्रत्यक्षात वर्षभरात जेमतेम तीसेक रुग्ण आढळले.

भीतीपोटी रुग्ण घरीच राहिले असतील का? काही प्रमाणात तसे घडू शकते. पण हात-पाय लुळे पडलेले मूल फार दिवस घरात ठेवणे कठीण. शिवाय श्वसनविकाराच्या मुलांच्या नमुन्यांतही ‘डी ६८’ फारच कमी सापडला. म्हणजे विषाणूचा फैलावच मंदावला होता. शाळा बंद, तोंडावर मास्क, भेटीगाठी थांबलेल्या. करोनासाठी उभारलेल्या भिंतीने या विषाणूचीही वाट अडवली, हेच सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण ठरते.

पण अडवलेला विषाणू संपत नाही. त्या काळात त्याच्या संपर्कात न आलेल्या मुलांची संख्या वाढत गेली. त्यामुळे निर्बंध उठल्यावर मोठी लाट येईल, अशी धास्ती होती. २०२२ च्या उन्हाळ्याअखेरीस ‘डी ६८’ खरोखरच परतला, श्वसनाच्या त्रासाने मुले रुग्णालयांत दाखल झाली. लकवा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. त्या वर्षीच्या ‘एएफएम’ रुग्णांची संख्या ५० च्या आतच राहिली. विषाणू बदलला की मुलांची प्रतिकारशक्ती, याचा उलगडा संशोधकांना अजून झालेला नाही. म्हणूनच धोका टळला, असे कुणी म्हणत नाही.

‘डी ६८’वर लस नाही आणि ‘एएफएम’वर हमखास औषधही नाही. श्वास सांभाळणे, लवकर सुरू केलेली आणि चिकाटीने चालवलेली फिजिओथेरपी, काही मुलांत चेता जोडण्याची शस्त्रक्रिया, एवढाच आधार. बऱ्याच मुलांत थोडाफार अशक्तपणा कायम राहतो.

भारतात पोलिओवर नजर ठेवण्यासाठी १५ वर्षांखालील मुलांमधील अशा प्रत्येक अचानक लुळेपणाची नोंद करून शौचाचे नमुने तपासले जातात. ही यंत्रणा चालते ती पालक वेळेवर आले तरच. सर्दी-तापानंतर मुलाचा हात किंवा पाय ढिला पडला, पापणी झुकली, बोलणे अडखळले किंवा गिळताना त्रास झाला, तर ‘दमला असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. श्वासाचे स्नायू दुबळे व्हायला काही तासही पुरतात.